पिसाचा चौक आणि माझी दृष्ट

मैत्रिणीच्या लेकीची दृष्ट मी काढायचे. दर वाढदिवसाला, तापातून उठल्यावर, शाळेच्या नाटकात परी झाली त्या संध्याकाळी, आणि मध्येच कधी काही कारण नसताना किरकिर करायला लागली तरी. मैत्रिणीची आई नागपूरला, सासू पुण्याला, आणि आम्ही दोघी डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमधल्या एकाच वसाहतीत, चार घरं सोडून. ती माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. दृष्ट काढायला मोठं माणूस लागतं, आणि तिच्या हिशेबी या अख्ख्या देशात तिचं मोठं माणूस मी होते.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का, असं विचारलंत तर नाही. पण मूठभर मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या हातात घेऊन 'आल्यागेल्यांची, घरच्यादारच्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची' असं पुटपुटत त्या पोरीवरून ओवाळायला लागले की मी अगदी माझ्या आजोळच्या बायकांसारखी गंभीर व्हायचे. नंतर ते सगळं विस्तवावर टाकायचं. मिरच्यांचा खकाणा उठून ठसका लागला, की समजायचं दृष्ट वगैरे काही नव्हतं. मिरच्या जळून काळ्या झाल्या आणि कुणाला साधा खोकलाही आला नाही, तर मात्र दृष्ट जबरदस्त होती.

पहिल्यांदा मी हे तिच्या स्वयंपाकघरात, गॅसवर तव्यात केलं. इथल्या घरांना छताला धुराचे अलार्म असतात हे आम्हा दोघी शहाण्यांच्या लक्षातच आलं नाही. सगळं घर किंचाळायला लागलं. शेजारचे आयरिश आजोबा घरातल्या सपाता घालून पावसात धावत आले. दारात उभं राहून म्हणाले, "एव्हरीथिंग ग्रँड?" म्हणजे, सगळं ठीक ना? मैत्रीण खोकत खोकत म्हणाली, "ग्रँड, ग्रँड, जस्ट कुकिंग!" त्यानंतर आम्ही मागच्या अंगणात छोटी शेगडी लावून हा कार्यक्रम उरकायला लागलो. आजोबा कुंपणापलीकडून हात हलवायचे.

पिसाला जायचं आमचं फार जुनं ठरलेलं. तिच्या कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, ऑफिसातून कुणीतरी दिलेला एक चहाचा मग होता. त्याचा कान म्हणजे पिसाचा तो कललेला मनोरा. मी गेले की माझा चहा त्याच मगात. "ताई, एकदा खरा बघून येऊ. दोघी." असं ती म्हणायची आणि मी हो म्हणायचे. पण आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला भारतीय पासपोर्टवर इटलीला जायचं तर वेगळा व्हिसा लागतो, आणि त्या व्हिसाची तारीख मिळवणं म्हणजे नशिबाचा खेळ. तिला आयरिश पासपोर्ट माझ्याआधी मिळाला. ती कधीही जाऊ शकली असती. पण म्हणाली, "तुझा येऊ दे. मग दोघी रुबाबात जाऊ." आणि खरंच थांबली. हे मी तिच्या बाजूनं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं चांगलं लिहिणार नाही.

अजून एक गोष्ट आधी सांगायला हवी. माझ्या नवऱ्याला मध्ये पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. चांगलं होतं. त्याला जायचं होतं, त्याचे आईवडील थकत चाललेत. मी हे मैत्रिणीला तिच्या डायनिंग टेबलाशी बसून सांगितलं. ती रडली. "ताई, तू गेलीस तर मी इथे कुणाच्या जिवावर राहू? आम्ही तर आता इथलेच. आपल्या मुली एकत्र वाढतील असं आपण ठरवलंय ना?" मी चार घरं चालत परत आले आणि नवऱ्याला म्हटलं, नको जाऊया. त्यानं ती मेल काही दिवस तशीच ठेवली, मग नाही म्हणून कळवलं. पासपोर्ट हातात पडला की गाशा गुंडाळून भारतात परतणारी मंडळी आमच्यात बरीच आहेत. आम्ही दोघी त्यांची टिंगल करायचो. तीसुद्धा करायची, माझ्याहून जोरात.

माझा पासपोर्ट मार्चमध्ये आला. तिनं केक आणला. आणि ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं निघालो, दोघी, दोन नवरे, सात-सात वर्षांच्या दोन मुली. पिसाच्या विमानतळावर आम्ही दोघी युरोपवाल्यांच्या छोट्या रांगेत उभ्या राहिलो आणि आपापले लालसर पासपोर्ट हातात धरून फोटो काढायला गेलो, तर तिथला पोलीस डाफरला. आम्ही शाळकरी पोरींसारख्या हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेलो. जुन्या तटबंदीतल्या दारातून आत शिरायचं. बाहेर मनोऱ्याची चुंबकं, मनोऱ्याचे दिवे, मनोऱ्याच्या बाटल्या विकणाऱ्यांची झुंबड, आणि आत पाऊल टाकलं की एकदम हिरवळ. त्या हिरवळीवर पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या इमारती, कुणीतरी ओटा पुसून घासलेली भांडी मांडून ठेवल्यासारख्या. मधोमध कथीड्रल, म्हणजे मोठं चर्च. त्याच्या पुढ्यात बाप्तिस्मा द्यायची गोल इमारत. तिचा घुमट पाहून मैत्रीण ओरडली, "ताई, मोदक!" एका कडेला लांबच लांब भिंतीआडचं जुनं कबरस्तान. आणि मागे तो मनोरा. फोटोत बघून बघून वाटतं की आपल्याला तो माहीत आहे. पण प्रत्यक्षात तो इतका कललेला आहे की पाहताना आपलीच मान वाकडी होते.

हिरवळीच्या कडेनं शेकडो माणसं हवेत हात धरून उभी होती. प्रत्येकाला आपणच मनोरा सावरलाय असा फोटो हवा होता. लांबून पाहिलं तर सगळी मिळून बंद पडलेली बस ढकलताहेत असं वाटावं. मी नाक मुरडलं, आणि पाच मिनिटांत मीही त्यांच्यात उभी. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ती, मध्ये मनोरा. माझा नवरा फोनमागून ओरडत होता, "अगं तू मनोरा नाही, तिचं डोकं धरलंयस!" तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

कथीड्रलच्या पितळी दारांवर गच्च कोरीव काम आहे. त्यात एका ठिकाणी पालीसारखा प्राणी आहे, लोकांचे हात लागून लागून सोन्यासारखा चकाकणारा. त्याला हात लावून काही मागितलं तर मिळतं म्हणे. पालीला हात लावायचा म्हटल्यावर मी दोन पावलं मागं. ती मात्र पुढं झाली, त्यावर बोट ठेवून डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. मागच्या लोकांची रांग खोळंबली. "काय मागतेयस एवढं?" मी विचारलं. "सांगितलं तर मिळत नाही," ती म्हणाली. मी तिची वेणी ओढली.

आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब, वर सोनेरी छत, मधोमध टांगलेला मोठा दिवा. मुलींना दिव्याखाली गोल गोल फिरायचं होतं. मग आम्ही त्या मोदकात गेलो. आत काहीच नाही म्हणावं इतकं मोकळं आहे, फक्त मधोमध दगडी हौद. थोड्या वेळानं तिथल्या रखवालदारानं दारं लावली, सगळ्यांना गप्प केलं, आणि गणवेशातच, खिशात किल्ल्या, गायला लागला. शब्द नाहीत, नुसते सूर. पहिला सूर वर जाऊन फिरत राहिला, तेवढ्यात त्यानं दुसरा सोडला, मग तिसरा, आणि तो एकटा माणूस गातोय की दहा जण, हे कळेनासं झालं. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी पाहिलं तर मैत्रीण घळाघळा रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, गाण्यानं. किती हळवी आहे माझी ही बया, असं मला वाटलं आणि तिच्याबद्दल अगदी भरून आलं.

बाहेर येऊन डबा सोडला. हिरवळीवर बसायला गेलो तर शिट्टी वाजली, म्हणून दगडी कट्ट्यावर टेकलो. मी केलेले धपाटे, तिनं केलेली लसणाची चटणी. मनोऱ्याकडे पाठ करून आम्ही खात होतो, तेवढ्यात मागून खणखणीत मराठी ऐकू आलं. "अगं डावीकडे! अजून डावीकडे! हात वर!" परदेशात मराठी कानावर पडलं की आपण वळतोच. आम्ही वळलो. चाळिशीचं एक जोडपं होतं. त्यातल्या बाईंनी माझ्या मैत्रिणीला पाहिलं आणि त्या आनंदानं जवळजवळ पळतच आल्या.

"अय्या, तुम्ही इथे! ओळखलंत ना? डायनिंग टेबल!" मग आम्हा बाकीच्यांकडे वळून त्यांनी ओळख सांगितली. नवरा डब्लिनमधल्याच ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांनी नुकतंच घर लावायला घेतलंय, आणि माझ्या मैत्रिणीच्या घरी जाऊन सामान बघून आल्या होत्या. "इतकं सुंदर ठेवलंय हो यांनी सगळं. मग, टेबल नोव्हेंबरअखेरीलाच न्यायचं ना? की तुमचा कंटेनर आधी जातोय?"

"कसला कंटेनर?" मी विचारलं.

मैत्रीण धपाट्याकडे बघत होती. तिचा नवरा मनोऱ्याकडे बघायला लागला, जणू तो आत्ताच कलला. डॉक्टरीणबाईंना बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही. "अहो, हे पुण्याला परत चाललेत ना! भाग्यवान बाई. आम्हाला कधी जमतंय कोण जाणे."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो चकित व्हायला हवा होता. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

लगेच उठून निघून जावं असं मला वाटलं. पण मनोऱ्यावर चढायची वेळ आधीच ठरवून घेतलेली असते, आणि आमची वेळ झाली होती. आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, म्हणून नवरे मुलींपाशी थांबणार आणि आम्ही दोघीच वर जाणार, असं डब्लिनहूनच ठरलेलं. "जाऊन या ना," माझा नवरा म्हणाला, फार मऊ आवाजात. त्या मऊ आवाजानंच डोक्यात तिडीक गेली. मी पर्स सामानघरात ठेवली आणि चालायला लागले. ती मागून आली.

मनोऱ्याचा जिना गोल आहे, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या. चढताना एकदा या भिंतीकडे ओढल्यासारखं होतं, वळसा घेतला की त्या. "ताई, हळू. ताई, थांब ना." मी थांबले नाही. मनोरा तिसऱ्या मजल्यावर असतानाच कलायला लागला होता म्हणे, बांधणाऱ्यांना दिसलंही होतं, आणि तरी पुढे त्याच्यावर मजले चढवत राहिले. हे मी सकाळी वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. आता त्या माणसांचाही राग आला.

वर गार वारा होता. खाली लाल कौलं, लांब डोंगर, आणि आजूबाजूला मोठमोठ्या घंटा. लोक फोटो काढत होते. मी कठड्याला धरून उभी राहिले.

"सांगणारच होते गं," ती म्हणाली. "आज संध्याकाळी. इथे येऊन सांगायचं असंच ठरवलं होतं. म्हणून तर आलो."

"डॉक्टरीणबाईंना मात्र आधी सांगितलंस."

"टेबल विकायचं होतं, ताई."

"म्हणजे टेबलाला कळलं. मला नाही."

ती रडायला लागली. मला तिचं रडणं बघवेना आणि थांबवावंसंही वाटेना. "कधी ठरलं?" मी विचारलं.

"मार्चमध्ये."

मार्चमध्ये तिनं केक आणला होता. मार्चनंतर आमच्याकडे गणपती बसले, मखर आम्ही दोघींनी मिळून केलं. पुढच्या वर्षी कुठल्या रंगाचं करायचं यावर ती माझ्याशी भांडलीसुद्धा होती. उन्हाळ्यात मुलींच्या पोहण्याचे वर्ग पुढच्या वर्षापर्यंतचे नोंदवायला मला तिनंच लावलं. मी एकेक आठवत गेले आणि प्रत्येक ठिकाणी तिला माहीत होतं.

"का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, सगळं पक्कं होईपर्यंत अवाक्षर काढू नकोस. त्याची नोकरी, शाळेतली जागा, सगळंच अधांतरी होतं ना. बोललं की दृष्ट लागते."

"कुणाची?"

ती कठड्याचा दगड नखानं खरवडायला लागली.

"कुणाची गं?"

"तसं नाही, ताई. मला तसं वाटत नाही. पण आई म्हणाली... तुम्हालाही जायचं होतं ना पुण्याला, आणि तुमचं राहिलं. असं माणूस कितीही जवळचं असलं तरी मनात येतंच, म्हणाली. मुद्दाम नाही. नकळत."

आमचं राहिलं नव्हतं. मी राहिले होते. तिच्यासाठी. तिच्या टेबलाशी बसून तिचे डोळे पुसले होते आणि घरी जाऊन नवऱ्याचं मन मोडलं होतं. त्याचीच तिला भीती वाटली, की याच बाईच्या पोटात दुखेल. आणि तिच्या लेकीवरून मिरच्या ओवाळताना 'शेजाऱ्यापाजाऱ्यांची' असं मी म्हणायचे, तेव्हा ती मनात काय म्हणत असेल?

मी वळले आणि जिना उतरले. त्या कबरस्तानाचं तिकीट घेतलेलं होतं, ते पाहायचं राहूनच गेलं. हॉटेलकडे चालताना मी नवऱ्याला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या आठवड्यापासून. तो बोलला मला. मला वाटलं, सांगायचं तर तिनं सांगावं." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाला, "तुला कसं सांगणार होतो मी? आपण कशासाठी थांबलो ते मला माहीत नाही का?" त्यापेक्षा तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

ल्यूकनला परतल्यावर मी तिच्या घरी गेले नाही. तिचे फोन आले, मी घेतले नाहीत. दुकानात समोर आली तर मी दुधाच्या फ्रीजकडे वळले. माझी लेक विचारायची, "व्हाय आर यू बीइंग सो वीअर्ड, आई?" तिला तिची मैत्रीण जाणार हे कळलं तेव्हा ती जिन्यात बसून इतकी रडली, की तो राग मी आणखी वेगळा जपून ठेवला. खिडकीतून टेबल जाताना दिसलं. पाय वर करून व्हॅनमध्ये घातलं.

निघण्याच्या आदल्या दुपारी दार वाजलं. बाहेर धो धो पाऊस. मैत्रीण, आणि तिचा हात धरून रेनकोटातली तिची लेक.

"ताई, एकदा दृष्ट काढशील हिची? एवढा प्रवास आहे."

मला हसू फुटलं, वाईट हसू. ज्या दृष्टीच्या भीतीनं सहा-सात महिने तोंड शिवून बसली, तीच उतरवायला माझ्या दारात! दार तोंडावर लावलं असतं. पण ती पोरगी रेनकोटाच्या टोपीतून माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, प्लीज? यू ऑल्वेज डू इट." मी चपला घातल्या.

तिचं घर रिकामं झालं होतं. बोललेलं भिंतींवर आपटून परत येत होतं. अंगणातली शेगडी विकलेली. एक जुना तवा तेवढा उरला होता, टाकून द्यायचा म्हणून. खिडकीत तो मनोऱ्याच्या कानाचा मग एकटाच ठेवलेला. "तुझ्यासाठी ठेवलाय," ती म्हणाली. मी त्याला हात लावला नाही.

मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या, मुलीला उगवतीकडे तोंड करून उभं केलं आणि ओवाळायला लागले. आल्यागेल्यांची. घरच्यादारच्यांची. पुढचं मी पुटपुटले नाही. तिच्या आईच्या डोळ्यात बघून मोठ्यानं म्हटलं, "शेजाऱ्यापाजाऱ्यांची." तिनं मान खाली घातली.

मूठ तव्यात टाकली. मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, काळ्या व्हायला लागल्या. आणि काहीच होईना. खोकला नाही, खकाणा नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या तव्यासमोर माझा जीव टांगणीला लागला. नसलाच लागला ठसका तर? तिची आई म्हणाली तसं नकळत खरंच काही माझ्या मनात आलं असेल तर? मी गॅस मोठा केला.

आणि मग आला. असा ठसका, की तिघींच्याही डोळ्यांतून, नाकातून धारा. पोरगी खोकत खोकत "ओ माय गॉड, मावशी!" म्हणत बाहेर पळाली. छताचा अलार्म बोंबलायला लागला, आणि त्या रिकाम्या घरात एका अलार्मचे दहा झाले. मैत्रीण भिंतीला धरून खोकत होती. तिनं माझ्याकडे हात पुढे केला.

"लागला ना ठसका?" मी म्हटलं. "कळव तुझ्या आईला. म्हणावं, ताईची नव्हती."

गॅस बंद केला, तवा सिंकमध्ये ठेवून वर पाणी सोडलं आणि निघाले. फाटकापाशी शेजारचे आजोबा सपातांमध्ये भिजत उभे होते. "एव्हरीथिंग ग्रँड?" त्यांनी विचारलं.

"ग्रँड," मी डोळे पुसत म्हटलं, आणि पावसातून चार घरं चालत माझ्या घरी आले.